इंजिनाच्या आतली सफाई: बाटली कुठवर पोचते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. सर्व्हिसिंगच्या बिलात 'इंजिन फ्लश', 'ऑइल ट्रीटमेंट', 'इंजेक्टर क्लीनर', 'डीकार्ब' अशा ओळी वाढत चालल्या आहेत, आणि त्यांतलं काय घ्यायचं, काय नाकारायचं हे वाचकांना कळेनासं झालंय. म्हणून टायर आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

उत्तरं वाचण्याआधी एक लक्षात घ्या. इंजिनातली घाण एका जागी नसते. ऑइलच्या वाटेवर गाळ आणि वार्निश साचतं, पिस्टनच्या रिंगांमध्ये जळून कडक झालेलं ऑइल बसतं, इंजेक्टरच्या टोकावर इंधनाचा थर चढतो आणि इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी धरते. ऑइलमध्ये ओतलेलं औषध इंजेक्टरपर्यंत जात नाही आणि टाकीत ओतलेलं औषध चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या, गाळाला हात लावत नाही. कुठलीही बाटली घेण्याआधी पहिला प्रश्न हाच: घाण कुठे आहे आणि हे तिथवर जाणार आहे का?

२०१४ ची स्विफ्ट पेट्रोल वापरलेली घेतली. ९२,००० किमी झालेत, आधीच्या मालकाच्या सर्व्हिसचे कागद अर्धवट आहेत. ऑइल बदलताना फ्लश करून घ्या, असं गॅरेजवाले म्हणतात. करू का? (कोल्हापूर)

झाकण उघडून पाहिल्याशिवाय नाही. फ्लश म्हणजे ऑइल बदलायच्या आधी जुन्या ऑइलमध्ये ओतायचं, गाळ सोडवणारं सॉल्व्हंट. ऑइल भरायचं झाकण काढा आणि टॉर्चने आत कॅमशाफ्ट व आजूबाजूचं धातू पाहा. तीनपैकी एक चित्र दिसेल. धातूवर नुसता तपकिरी, मधासारखा रंग चढलेला असेल तर ते वार्निश. दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. काळा, मऊ, बोटाला लागणारा पातळ लेप असेल तर तो गाळ, सुरुवातीच्या अवस्थेतला. आणि काठांना जाड थर, कोपऱ्यांत ढेकळं, स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर खपल्या निघतात असं असेल, तर प्रकरण पुढे गेलेलं आहे.

पहिल्या चित्रात फ्लशची गरज नाही. योग्य दर्जाचं ऑइल भरा आणि पहिल्या दोन वेळा १०,००० ऐवजी ५,००० किमीला बदला. ऑइलमध्ये स्वतःचं साफ करणारं रसायन असतंच: कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे डिटर्जंट आणि काजळीचे कण सुटे ठेवणारे डिस्पर्संट. ते हळू काम करतात आणि हळू काम करणं हाच त्यांचा गुण. निघालेली घाण कणाकणाने फिल्टरमध्ये जाते, एकदम सुटत नाही.

तिसऱ्या चित्रात तर फ्लश मुळीच करू नका. लोक नेमकं उलट करतात, गाळ जास्त म्हणून फ्लश दोनदा. ऑइल पंप चेंबरमधून ऑइल ओढतो ते एका बारीक जाळीतून. फ्लशने वरच्या बाजूच्या खपल्या सुटल्या की त्या चेंबरमध्ये येतात आणि त्या जाळीवर जाऊन बसतात. फिल्टर पंपाच्या पुढे असतो, जाळी मागे, त्यामुळे फिल्टर इथे काही वाचवू शकत नाही. पंपाला ऑइल मिळत नाही, प्रेशर पडतं, डॅशवरचा लाल दिवा लागतो आणि तोवर बेअरिंग घासलेली असतात. फ्लशनंतर चारशे-पाचशे किलोमीटरवर 'अचानक' बसलेल्या इंजिनाची गोष्ट बहुधा हीच असते. अशा इंजिनाचं टॅपेट कव्हर (वरचं झाकण) उघडायचं, चेंबर खाली उतरवायचा, जाळी काढून धुवायची, हाताने गाळ काढायचा आणि मग ऑइल भरून २,००० ते ३,००० किमीला दोन वेळा बदलायचं. मजुरी जास्त लागते, पण इंजिन उघडण्यापेक्षा कमी.

फ्लशला जागा आहे ती मधल्या चित्रात. तेव्हा पद्धत अशी:

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा. ऑइलची पातळी पाहा. ती खुणेच्या खाली असेल तर आधी खुणेपर्यंत आणा, कमी ऑइलवर फ्लश कधीच नको. बाटलीवरचं प्रमाण वाचा. ३०० मिलिलिटरची बाटली ५ लिटरपर्यंतच्या ऑइलसाठी असेल आणि तुमच्या इंजिनात साधारण ३ लिटर बसत असेल, तर हिशोबाने १८० मिलिलिटर पुरे. पूर्ण बाटली ओतली तर तीन लिटरात जवळजवळ दहावा हिस्सा सॉल्व्हंट होतो आणि ऑइल नको तितकं पातळ पडतं. ओतल्यावर इंजिन आयडलवर ठेवा, लेबलवर लिहिलेली मिनिटं, बहुतेकांवर १० ते १५. या वेळात ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, एसी बंद, गाडी हलवायची नाही. पातळ ऑइलची फिल्म भार सोसत नाही, म्हणून. 'फ्लश घालून कोल्हापूरहून कागलला जाऊन या' असं कुणी सांगितलं तर दुसरं गॅरेज बघा.

प्रेशरचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी इंजिन बंद. वेळ झाली की लगेच, गरम असतानाच, चेंबरचा नट काढा. इथे घाई होते. धार तुटून थेंब पडू लागले तरी पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, कारण वाहिन्यांमध्ये उरलेलं ऑइल फ्लशसकट नव्या ऑइलमध्ये मिसळणार असतं. फिल्टर नवा, नटाचा वॉशर नवा, मग ऑइल. जुना फिल्टर फेकून देऊ नका. कापून त्याचा कागद उलगडा. घड्यांमध्ये काळी रवाळ घाण दिसली तर नवा फिल्टरही १,००० किमीला बदला. धातूचे चकाकणारे कण दिसले तर विषय साफसफाईचा राहिला नाही.

बाहेर निघालेलं ऑइल काळंकुट्ट दिसतं आणि ते दाखवून 'बघा किती घाण होती' असं सांगितलं जातं. काळं ऑइल म्हणजे डिस्पर्संट आपलं काम करत होते, एवढंच. रंगावरून फ्लशचं यश मोजता येत नाही.

आमच्याकडचे जुने मिस्त्री फ्लशच्या बाटलीऐवजी अर्धा लिटर डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन चालवतात. स्वस्त पडतं. काय बिघडतं? (संगमनेर)

पूर्वीच्या सैल क्लिअरन्सच्या इंजिनांत आणि जाड ऑइलमध्ये हे खपून गेलं, म्हणून प्रथा टिकली. आजच्या इंजिनांत कॅमचं टायमिंग बदलणारे व्हॉल्व्ह, चेनचे टेन्शनर आणि टर्बोचं बेअरिंग हे सगळं ऑइलच्या दाबावर आणि पातळ फिल्मवर चालतं. डिझेल-रॉकेल गाळ विरघळवतं, पण सुटलेले कण धरून ठेवणारं डिस्पर्संट त्यात नसतं. म्हणजे घाण सुटते आणि जिथे वाट अरुंद तिथे परत बसते.

दुसरं कारण आगीचं. आपल्याकडच्या प्रमाणांनुसार डिझेल आणि रॉकेल दोन्हींचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर इंजिन ऑइलचा सर्वसाधारणपणे २०० च्या वर असतो. चालू इंजिनातलं ऑइल ९०–१०० अंशांवर असतं. त्यात रॉकेल घातलं की चेंबरमध्ये वाफ तयार होते आणि ती ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या, नळीतून इनटेकमध्ये ओढली जाते. जुन्या डिझेल इंजिनात तर इंजिन आपल्याच वाफेवर पळत सुटण्याची भीती असते, मग चावी काढली तरी ते थांबत नाही.

सुटे काढलेले भाग, जाळी, टॅपेट कव्हर हे रॉकेलने धुवायला काहीच हरकत नाही. ते चालू इंजिनात घालू नये, इतकंच.

माझ्याकडे इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट आहे. ऑइलसोबत फ्लश करून देतो म्हणाले. (ठाणे)

नको म्हणा. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत फिरतो. रबराचा बेल्ट विशिष्ट ऑइलमध्ये टिकेल असा बनवलेला असतो. त्यात सॉल्व्हंट मिसळलं की रबर फुगतं, मऊ पडतं, दातांवरचं कापड सुटू लागतं. सुटलेले तंतू आणि रबराचा चुरा त्याच जाळीवर जाऊन बसतो. म्हणजे एका चुकीत बेल्ट आणि ऑइल पंप दोन्ही. फोर्डने या इंजिनासाठी स्वतःचं ऑइलचं मानक दिलेलं आहे, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी. डब्यावर हे अक्षरशः छापलेलं असलं पाहिजे, नुसतं '५डब्ल्यू-२०' पुरत नाही. ऑइल वेळेआधी बदला, जास्तीचं काहीही त्यात घालू नका आणि बेल्टची पाहणी कुणाकडून तरी करून घ्या जो हे इंजिन आधी उघडून बसला आहे.

इतर कंपन्यांच्याही काही इंजिनांत असा ओला बेल्ट असतो. आपल्या गाडीत चेन आहे, कोरडा बेल्ट आहे की ओला, हे फ्लशच्या आधी विचारा. समोरच्याला सांगता आलं नाही तर तेवढंच उत्तर पुरेसं आहे.

टायगुन १.० टीएसआय, ५५,००० किमी. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन थोडं थरथरतं, मग नीट चालतं. पेट्रोलमध्ये क्लीनर घातला, दोन बाटल्या झाल्या, फरक नाही. (नाशिक)

क्लीनर चांगला असेल, पण तो तिथे पोचलाच नसेल. जुन्या पद्धतीच्या इंजिनात इंजेक्टर इनटेकच्या वाटेत, व्हॉल्व्हच्या मागे फवारतो. तीन-चार बारच्या दाबाचं ते पेट्रोल व्हॉल्व्हची पाठ सतत धुत राहतं. तुमच्या इंजिनात इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो, शेकडो बारच्या दाबाने. व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबही पडत नाही. तिथे येते ती ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ, आणि ती गरम व्हॉल्व्हवर बसून काजळीचा टणक थर बनवते. थंड इंजिनात हा थर फवाऱ्यातलं पेट्रोल नव्हे तर हवेची वाट अडवतो, हवेचा झोत विस्कटतो, आणि पहिली काही सेकंदं मिसिंग होतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन नीट पेटत नाही.

टाकीतलं औषध थेट इंजेक्शनच्या इंजिनात दोन जागी उपयोगी: इंजेक्टरचं टोक आणि पिस्टनचा माथा. त्यासाठी लेबलवर पॉलिइथर अमाइन, म्हणजे 'पीईए' लिहिलेलं हवं. हे रसायन सिलिंडरच्या उष्णतेत टिकून थर काढू शकतं. स्वस्त बाटल्यांत बहुतांश रॉकेलसारखं सॉल्व्हंट आणि थोडं दुसरं डिटर्जंट असतं. जवळजवळ रिकाम्या टाकीत बाटली ओतून वर टाकी भरा, म्हणजे नीट मिसळतं, आणि ती टाकी हायवेवर संपवा. ही टाकी ऑइल बदलायच्या अगदी आधी संपेल असं जुळवा, कारण थोडं औषध आणि सुटलेली घाण रिंगांतून ऑइलमध्ये उतरते. वर्षातून एकदा पुरे. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या एक्सपी९५, स्पीड, पॉवर या ब्रँडेड पेट्रोलमध्येही डिटर्जंट असतं, पण सांभाळण्यापुरत्या मात्रेत. आधीच साचलेला थर त्याने लवकर उतरेल अशी अपेक्षा नको.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी स्कॅनर लावून कोणत्या सिलिंडरला मिसिंग नोंदवलं आहे ते पाहा. एकाच सिलिंडरला असेल तर तिथला प्लग आणि कॉइल शेजारच्या सिलिंडरशी बदलून बघा. मिसिंग त्यांच्याबरोबर सरकलं तर दोष तिथे. विखुरलेलं असेल तर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) काढून किंवा बोरोस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालून व्हॉल्व्ह पाहायला सांगा. ५५,००० ला काजळी असू शकते, पण न पाहता तीच आहे असं धरून चालू नका.

काजळी निघालीच तर खात्रीचा उपाय यांत्रिक आहे: अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ करणं. मॅनिफोल्ड काढतात, क्रँक फिरवून त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतात, एका नळीने भुगा मारतात आणि दुसऱ्या नळीने तो ओढून घेतात. व्हॉल्व्ह बंद नसेल तर भुगा सिलिंडरमध्ये जातो, म्हणून हे काम सवयीच्या हातांचं. कवच काजळीपेक्षा कडक आणि धातूपेक्षा मऊ, म्हणून व्हॉल्व्हची सीट खरचटत नाही. मुंबई-पुण्यात जर्मन गाड्यांची कामं करणाऱ्या काही गॅरेजांत हे होतं. चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये मारायचे स्प्रेही मिळतात. टर्बोच्या गाडीत ते कुठून मारायचं यालाच महत्त्व आहे. टर्बोच्या आधी मारलं तर फिरत्या पात्यांवर आणि पुढे इंटरकूलरमध्ये द्रव साचतं. जाड थरावर स्प्रेचा परिणाम अर्धवट होतो, थर मऊ पडतो आणि निम्मा तिथेच राहतो.

ही समस्या एकट्या जर्मन गाड्यांची नाही. ह्युंदाई आणि कियाची टर्बो जीडीआय, महिंद्राची टीजीडीआय, ही सगळी थेट इंजेक्शनचीच, सगळ्यांना हेच लागू.

वॅगन-आर सीएनजी, रोज ६० किमी. पेट्रोलवर टाकलं की धक्के देते, सीएनजीवर गुळगुळीत. इंजिन आतून साफ करून घ्यावं का? (पिंपरी)

इंजिन नव्हे, पेट्रोलचे इंजेक्टर. तुमची गाडी पेट्रोलवर सुरू होऊन लगेच गॅसवर जाते. पेट्रोलचे इंजेक्टर दिवसाकाठी मिनिटभर चालतात आणि बाकीचा वेळ गरम इंजिनावर बसून राहतात. टोकाशी अडकलेलं पेट्रोल सुकून चिकट थर होतो. टाकीत तेच चार-पाच लिटर पेट्रोल महिनोन्महिने पडून असेल तर तेही शिळं झालेलं असतं. ज्या गाड्या थेट गॅसवरच सुरू होतात त्यांत तर पेट्रोलची बाजू अजूनच बेवारस राहते.

टाकीतलं जुनं पेट्रोल संपवा, ताजं १५-२० लिटर भरा, त्याच्या हिशोबात पीईएचं क्लीनर घाला आणि ती टाकी पूर्णपणे पेट्रोलवर चालवा. गॅसवर गाडी असताना टाकीतलं औषध टाकीतच राहतं, हे सांगायची गरज नसावी, पण विचारणारी चार पत्रं आहेत. पुढे आठवड्यातून एक दिवस दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर.

याने जमलं नाही तर इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक टबमध्ये साफ करून घ्या आणि टेस्ट बेंचवर फवारा व प्रमाण दोन्ही मोजलेलं कागदावर घ्या.

उलटं असेल, म्हणजे पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर धक्के, तर संशय गॅसच्या फिल्टरवर आणि गॅसच्या इंजेक्टरवर. पंपाच्या कॉम्प्रेसरमधलं ऑइल गॅससोबत येऊन तिथे साचतं. त्यावर कुठलीही बाटली चालत नाही, फिल्टर बदलायचा. सीएनजीच्या गाडीत आणखी एक दुखणं असतं: व्हॉल्व्हच्या सीट झिजतात आणि टॅपेटचं अंतर कमी होत जातं. गाडी थंड असताना स्टार्ट व्हायला कुरकुरते, गरम झाल्यावर आयडल डगमगतं. याला फीलर गेज (ते अंतर मोजायची पट्टी) हवा.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरं लोण्यासारखं दिसतं. हेड गॅस्केट गेलं म्हणतात. फ्लश करून बघू का? (सावंतवाडी)

घर ते बाजार तीन किलोमीटर आणि परत, असा वापर असेल तर हे बहुधा नुसतं दव आहे. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्यातली थोडी वाफ रिंगांतून खाली येते. इंजिन पुरेसं तापलं की ती ब्रीदरमधून निघून जाते. तापलंच नाही तर ती सगळ्यांत थंड जागी, झाकणाखाली, ऑइलशी घुसळून बसते. दमट हवेत आणखी जास्त.

खात्री अशी करा. डिपस्टिकवरचं ऑइल पाहा. ते स्वच्छ, पारदर्शक तपकिरी असेल आणि फक्त झाकणाखालीच लोणी असेल, तर काळजी नाही. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं, कूलंटच्या बाटलीची पातळी आठवड्याला खाली जात असेल, किंवा गरम इंजिनातही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, तर गाडी बंद ठेवा आणि कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड गॅस्केटच्या गाडीत फ्लश घालणं म्हणजे नासलेल्या ऑइलला आणखी पातळ करणं.

दवाच्या लोण्याला उपाय फुकट आहे: झाकण पुसा, आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग हायवेला काढा. ते शक्य नसेल तर किलोमीटर न पाहता सहा महिन्यांनी ऑइल बदला.

गाडी ऑइल खाते. १,००० किमीला जवळपास अर्धा लिटर भरावं लागतं. कॉम्प्रेशन चेक केलं, चारही सिलिंडर बरोबर आहेत. मग ऑइल जातं कुठे? रिंगा न बदलता काही होतं का? (अकोला)

कॉम्प्रेशन बरोबर येणं आणि ऑइल खाणं या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, आणि इथेच अनेक गॅरेजं चुकतात. कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा. सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग. तिच्या मागे पिस्टनला बारीक भोकं किंवा खाचा असतात. तिथे ऑइल जळून कोक झालं की रिंग दबलेली राहते, भोकं बुजतात आणि ऑइल वर जातं. कॉम्प्रेशनच्या गेजला याचा पत्ताही लागत नाही.

आधी दुसरी शक्यता काढा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट मारल्यावर निळा धूर येऊन थांबत असेल, तर दोष व्हॉल्व्हच्या ऑइल सीलचा. चढावर किंवा जोर लावल्यावर येत असेल तर रिंगांचा. टॅपेट कव्हर आणि क्रँक सीलमधून गळती नाही हेही खालून टॉर्चने पाहून घ्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह) हलवून खुळखुळतो का तेही बघा. तो उघडा अडकला तर इनटेक सरळ ऑइल ओढतं. स्वस्त भाग आहे, आधी तोच बदला.

रिंगांचाच दोष वाटत असेल तर चेंबरमध्ये फ्लश घालण्यापेक्षा पिस्टनवर वरून औषध घालून भिजवणं जास्त नेमकं. इंजिन गरम करा, मग हाताला सोसेल इतकं कोमट होऊ द्या. कॉइल आणि प्लग काढा. इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक हाताने फिरवून चारही पिस्टन मधोमध आणा. लांब स्क्रूड्रायव्हर किंवा प्लास्टिकची काडी प्लगच्या भोकातून टेकवून उंची कळते. तीन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन एका उंचीवर येऊच शकत नाहीत, तिथे एकेक सिलिंडर करावं लागतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ५० मिलिलिटर पिस्टन-सोक औषध सिरिंजने घाला. भोकावर कापड ठेवून लेबलवर लिहिलेले तास थांबा, सहसा रात्रभर. अधूनमधून क्रँक थोडा मागेपुढे हलवा, म्हणजे औषध रिंगांत शिरतं.

सकाळी जे उरलं असेल ते सिरिंजने ओढून घ्या. हा टप्पा चुकवू नका. द्रव दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते राहिलं आणि प्लग लावून स्टार्ट मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या भोकांवर जाड कापडं टाकून, तोंड लांब ठेवून, पाच ते दहा सेकंद स्टार्टर फिरवा. राहिलेलं सगळं फवाऱ्यासारखं बाहेर येतं. डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. मग चेंबर रिकामा करा, कारण औषध तिथेही उतरलेलं असतं. नवा फिल्टर, नवं ऑइल, आणि मगच इंजिन सुरू. पहिली काही मिनिटं दाट पांढरा धूर येतो, म्हणून बंद गॅरेजात करू नका.

मोजमाप किलोमीटरवर ठेवा. ऑइल वरच्या खुणेला आणून १,००० किमी चालवा आणि पुन्हा त्याच खुणेला आणायला किती मिलिलिटर लागलं ते लिहा. दोनदा भिजवूनही आकडा अर्ध्याने कमी झाला नाही, तर रिंग चिकटलेली नसून झिजलेली आहे किंवा सिलिंडरला ओरखडे आहेत. तिथे औषध थांबतं, काम उघडण्याचंच.

हॅरियर बीएस-६ डिझेल. गावातच फिरते. ऑइलची पातळी वर चढलेली दिसते. इंजिन ट्रीटमेंट घातल्याने डीपीएफ साफ होईल का? (लातूर)

उलट, बुजेल. पातळी चढते ती डिझेलमुळे. डीपीएफमधली, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं, आणि गावातल्या छोट्या फेऱ्यांत ती प्रक्रिया अर्धवट सुटत राहिली की ते डिझेल भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर आधी ऑइल बदला. आधीच डिझेलने पातळ झालेल्या ऑइलमध्ये फ्लश घालणं दुहेरी चूक.

ऑइलमध्ये घालायच्या बऱ्याच 'ट्रीटमेंट'मध्ये जस्त-फॉस्फरस किंवा इतर धातूंची संयुगं असतात. ती जळली की राख होते. राख डीपीएफमध्ये अडकते आणि काजळीसारखी जळून जात नाही. म्हणूनच अशा गाड्यांना एसीईए (युरोपातल्या कारनिर्मात्यांचं मानक) सी२ किंवा सी३ सारखं कमी राखेचं ऑइल लागतं, ज्यात राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आत असतं. जुन्या ए३/बी४ ऑइलमध्ये ते १.६ टक्क्यांपर्यंत चालतं. डबा घेताना ग्रेडच्या आकड्याबरोबर हे अक्षरही वाचा.

डिझेलच्या टाकीत घालायचं डीपीएफचं औषध वेगळं. ते काजळी जळण्याचं तापमान खाली आणतं, म्हणून काजळीवर मदत होते. राखेवर नाही. आणि औषधाहून आधी हायवे: आठवड्यातून एकदा २०-२५ मिनिटं सलग, २,००० आरपीएमच्या आसपास. डीपीएफचा दिवा लागला असताना मधेच गाडी बंद करू नका.

टेफ्लॉन किंवा सिरॅमिकचा लेप देणारं ऑइल ॲडिटिव्ह घ्यावं का? (पणजी)

नको. टेफ्लॉनच्या बाबतीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली 'स्लिक ५०' वर खोट्या दाव्यांची कारवाई केली होती आणि पुढच्या वर्षी कंपनीने ते दावे सोडून देण्याचं मान्य केलं. ऑइल बनवणारे आधीच त्यात झीज रोखणारी रसायनं मोजून घालतात. पेट्रोल गाड्यांच्या आजच्या ऑइलमध्ये फॉस्फरसला वरची मर्यादा ०.०८ टक्के आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. आपण वरून आणखी ओतलं की तो तोल आपणच मोडतो.

कारसाठी आणलेलं ॲडिटिव्ह उरलं आहे. बाइकमध्ये घालू का? (जळगाव)

नाही. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. घर्षण कमी करणारं औषध क्लचच्या प्लेटांवर गेलं की चढावर आरपीएम वाढतो, गाडी पुढे जात नाही. बाइकला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल, बाकी काही नाही.

हायड्रोजन मशीनने डीकार्बनायझेशन करतात, अर्ध्या तासात. उपयोग होतो का? (सोलापूर)

मशीन पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन करून इनटेकमध्ये सोडतं, इंजिन आयडलवर. आयडलवर पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्ह इतके तापतच नाहीत की घट्ट बसलेली काजळी जळावी. पैसे देण्याआधी एक अट घाला: एका सिलिंडरचा प्लग काढून बोरोस्कोपने पिस्टनच्या माथ्याचा आणि व्हॉल्व्हचा फोटो आधी, आणि त्याच कोनातून काम झाल्यावर. अट मान्य झाली तर फोटो आमच्याकडेही पाठवा.

जाता जाता एक सूचना, पत्र लिहिणाऱ्यांसाठी नव्हे, घरीच ऑइल बदलणाऱ्यांसाठी. निघालेलं ऑइल, आणि विशेषतः फ्लश मिसळलेलं ऑइल, गटारात, शेतात किंवा कुंपणाच्या लाकडाला लावायला वापरू नका. कायद्यानुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात भरून अशा गॅरेजला द्या जे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला विकतं, आणि फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या. त्यातही पाव लिटरपर्यंत ऑइल उरलेलं असतं.